यूपीएसच्या डिस्प्लेवर बॅटरी १०० टक्के दिसते, मग वेगळं मॉनिटरिंग कशाला?

तुम्ही लिहिलंय की यूपीएस बॅटरी १०० टक्के दाखवतो, डीजीही (डिझेल जनरेटर) दर आठवड्याला पाच मिनिटं चालवून बघता, मग व्हेंडर म्हणतो तसा बॅटरी मॉनिटरिंगवर खर्च करायचा का? नवी मुंबईत डेटा सेंटरच्या इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये आहे, त्यावरून सांगतो: करा.

ते १०० टक्के म्हणजे बॅटरी चार्ज झालीय, एवढंच. लोड आल्यावर ती तो उचलेल का, हा वेगळा प्रश्न. समजा तुमच्या स्ट्रिंगमध्ये, म्हणजे बॅटऱ्यांच्या साखळीत, १२ व्होल्टच्या ४० बॅटऱ्या सीरीजमध्ये (एकीला एक जोडून) आहेत. फ्लोटवर, म्हणजे चार्ज झालेली बॅटरी चार्जरवर तशीच ठेवलेली असताना, प्रत्येकी साडेतेराच्या हिशोबाने ५४० व्होल्ट. त्यातल्या एका बॅटरीचा एक सेल शॉर्ट झाला, तर ती सव्वाअकरापर्यंत उतरते, उरलेल्या ३९ जणी थोड्या थोड्या वर सरकून साधारण १३.५६ वर जातात आणि बेरीज तीच, ५४०! यूपीएस बेरीज बघतो, म्हणून खूश असतो. लाइट गेली की सगळा करंट त्या एकीतूनही जाणार, आणि तिथेच स्ट्रिंग बसते.

म्हणून प्रत्येक बॅटरीचं व्होल्टेज, तापमान आणि इंटर्नल रेझिस्टन्स (बॅटरीचा आतला रोध) वेगवेगळा मोजणारी सिस्टीम घ्या. रेझिस्टन्सच्या नुसत्या आकड्याला फार अर्थ नाही. बॅटरी बसवली तेव्हाचं रीडिंग जपून ठेवा आणि त्याच्या तुलनेत किती चढलं ते बघा. २५-३० टक्के चढलं की चौकशी, ५० टक्के म्हणजे बदलायच्या तयारीला लागा. तापमान २५ अंशांच्या आसपास हवं. त्यावर दर आठ-दहा अंशांना व्हीआरएलए (सीलबंद लेड-अ‍ॅसिड) बॅटरीचं आयुष्य जवळजवळ निम्मं होतं, त्यामुळे बॅटरी रूमचा एसी बंद करून वीज वाचवणाऱ्या साहेबांना हा हिशोब जरूर दाखवा.

आता डीजी. चालू न होण्याचं कारण बहुतेक वेळा इंजिन नसतंच, स्टार्टरची बॅटरी असते. पॅनेलवर २७ व्होल्ट दिसतात ते चार्जरचे. क्रँकिंगच्या वेळी, म्हणजे स्टार्टर इंजिन फिरवतो तेव्हा, ते कितीपर्यंत खाली येतात ते नोंदवा, दर महिन्याला दरी वाढत असेल तर बॅटरी बदला. दुसरं, डीजीचा ऑटो-मॅन्युअल सिलेक्टर स्विच. सर्व्हिसवाले मॅन्युअलला टाकून काम करतात आणि तसाच ठेवून जातात. ‘ऑटोमध्ये नाही’ हा अलार्म आला तर रात्री दोनलाही फोन वाजायला हवा. बाकी पन्नास अलार्म सकाळी बघितले तरी चालतात.

तुमची पाच मिनिटांची टेस्ट मात्र बंद करा. बिनलोडाचं इंजिन गरम होत नाही, अर्धवट जळलेलं डिझेल आणि काजळी आत साठते. महिन्यातून एकदा निदान ३० टक्के लोडवर अर्धा तास चालवा, आणि वर्षातून एकदा खरोखर मेन इनकमर (बाहेरून येणाऱ्या विजेचा मुख्य ब्रेकर) पाडून बघा.

डिझेल टक्क्यांत बघू नका, सध्याच्या लोडवर किती तास पुरेल ते बघा. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई, ठाणे, नवी मुंबईची लाइट एकदम गेली, तेव्हा काही भागांत ती यायला कित्येक तास लागले. बल्क टँक (मोठा साठा) भरलेला आहे, पण त्यातून डे टँकमध्ये (इंजिनाजवळच्या छोट्या टाकीत) डिझेल टाकणारा ट्रान्सफर पंप बंद, असंही होतं. म्हणून दोन्हीची लेव्हल हवी.

एक गोष्ट हमखास राहते. हे सगळं रीडिंग ज्या नेटवर्क स्विचवरून येतं, तो कुणीतरी साध्या सॉकेटला लावलेला असतो. लाइट जाताच स्क्रीन कोरी. तो आधी यूपीएसवर घ्या.

बजेट एकदम मिळणार नसेल तर सर्वात जुनी स्ट्रिंग आधी धरा, आणि तोवर बाकीच्यांची रीडिंग तीन महिन्यांतून एकदा हाताच्या टेस्टरने काढून एक्सेलमध्ये ठेवा.