शिवाजी पार्कात रिमोटचं विमान उडवता येईल का? सुरुवात कशी करू?

शिवाजी पार्कात नकोच. ड्रोनसोबत रिमोटच्या विमानांवरही मुंबई पोलिसांचे मनाई आदेश वरचेवर निघतात; शिवाय सांताक्रूझ, जुहू दोन्ही विमानतळ शहरातच. बाहेर एखादं माळरान गाठा, पण आधी २०२१ च्या ड्रोन नियमांनुसारचा लाल-पिवळ्या-हिरव्या क्षेत्रांचा सरकारी नकाशा बघा.

पहिलं विमान फोमचं, पंख धडाच्या वरच्या बाजूला असलेलं घ्या. त्याआधी महिनाभर सिम्युलेटरवर, म्हणजे संगणकावर विमान उडवायचा सराव. खरी गोची विमान आपल्याकडे तोंड करून येतं तेव्हा होते, कारण डावं-उजवं उलटं होतं. अशा वेळी जो पंख खाली झुकलाय त्याच बाजूला रिमोटची स्टिक ढकलायची, जणू पंखाला टेकू देतोय. हे अंगवळणी पडेपर्यंत माझे दोन प्रोपेलर मोडले. आणि हो, विमानाची लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी चार्जिंगला लावून झोपू नका, पेट घेऊ शकते.