जाडजूड, तपशिलांनी खच्चून भरलेल्या ऐतिहासिक-अद्भुत प्रेमकादंबऱ्या लोकांना इतक्या का आवडतात?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, की मैत्रिणीच्या आग्रहावरून ‘आउटलँडर’ हातात घेतली, पण इतकी पानं झाली तरी झाडपाला, जखमा आणि कपडेच चाललेत, प्रेम कधी सुरू होणार? माझ्या मते ते त्या झाडपाल्यातच सुरू झालेलं आहे.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. डायना गॅबल्डन यांची ही कादंबरी 1991 सालची. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलंय. लष्करात परिचारिका असलेली क्लेअर नवऱ्यासोबत स्कॉटलंडमध्ये इन्व्हर्नेसला येते आणि उभ्या शिळांच्या एका वर्तुळातून थेट 1743 मध्ये जाऊन पडते. त्या शिळा हे कसं करतात, याचा खुलासा करत लेखिका बसत नाही. एवढी एक थाप आपण मुकाट्याने गिळतो, कारण भोवतालचं सगळं पटण्यासारखं असतं. माणसं काय खातात, कशावर झोपतात, जखम कशाने धुतात, हे सगळं. जादू जितकी मोठी, तितका स्वयंपाकघराचा हिशेब चोख लागतो.

आता प्रेमाचं. क्लेअर कथेच्या नायकाला, म्हणजे जेमी या स्कॉटिश तरुणाला, पहिल्यांदा पाहते तेव्हा त्याचा खांदा निखळलेला असतो आणि सोबतची माणसं नुसत्या ताकदीने तो बसवायला निघालेली असतात. असं ओढलंत तर हाड मोडेल, म्हणून ती मध्ये पडते, दंड योग्य कोनात आणते आणि सांधा बसवते. नजरानजर, गुलाबी गाल वगैरे काही नाही. तिला काय येतं ते त्याला कळतं, तो दुखणं कसं सोसतो ते तिला कळतं. पुढे दोघांचं लग्न होतं तेही कायद्याच्या एका पळवाटेपायी: स्कॉटिश माणसाशी लग्न केलं, तर तिच्या मागावर असलेल्या इंग्रज कप्तानाला तिला सहजासहजी ताब्यात घेता येणार नाही. 1707 मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंडची संसद एक झाली, तरी स्कॉटलंडचे कायदे आणि न्यायालयं वेगळीच राहिली होती. हे माहीत असलं की ते लग्न लेखिकेची सोय वाटत नाही. आधी कागद, मग ओढ, हा उलटा क्रम मला फार आवडतो. (ठरवून केलेल्या लग्नांच्या देशात तो कुणाला नवा वाटू नये.)

तिसरी गोष्ट तारखेची, आणि या प्रकाराची खरी ताकद मला तिथेच दिसते. 16 एप्रिल 1746 रोजी स्कॉटलंडमधल्या कलोडनच्या माळावर जॅकोबाइट सैन्य, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याला पुन्हा गादीवर बसवू पाहणाऱ्यांचं सैन्य, तासाभराच्या आत चिरडलं गेलं. पुढे हायलँडमधल्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, पुरुषांच्या पारंपरिक पोशाखावरही बंदी आली, ती 1782 पर्यंत टिकली. क्लेअरचा पहिला नवरा इतिहासकार, त्यामुळे ही तारीख तिला ठाऊक आहे. आपल्यालाही. म्हणून जेमी अंगावरचं ते लांबलचक लोकरी वस्त्र चुण्या घालून, पट्ट्याने आवळून नेसतो आणि रात्री तेच पांघरतो, हे वाचताना नुसती वेशभूषा दिसत नाही. थोड्याच वर्षांत हे नेसणं गुन्हा ठरणार, हे आपल्याला कळत असतं. साध्या प्रेमकथेत दोघं एकत्र येतील का, एवढाच प्रश्न. इथे आले तरी किती दिवस, हा दुसरा प्रश्न इतिहासाने आयता दिलेला.

हा शौक फक्त इंग्रजी वाचणाऱ्यांचा आहे असंही समजू नका. मराठीतल्या सुरुवातीच्या कितीतरी कादंबऱ्या अद्भुतरम्य प्रेमकथाच होत्या. 1868 च्या ‘मंजुघोषा’च्या प्रस्तावनेत नारो सदाशिव रिसबूड यांनी अशा अर्थाची तक्रार केली आहे, की आपल्या लोकांची लग्नाविषयीची मतं अशी, की त्यांच्या आयुष्यात रंजक लिहावं असं काही सापडत नाही. म्हणजे प्रेम दाखवायचं तर आधी वेगळं जग उभं करा! फरक इतकाच, की त्या जुन्या मराठी कादंबऱ्यांतले राजवाडे कोणत्याही काळात शोभले असते. गॅबल्डन यांचं 1743 दुसऱ्या कुठल्या सालात हलवता येत नाही.

दोषही आहेत. पसारा अनेकदा आवरत नाही. हिंसा पुष्कळ आहे, आणि नवरा बायकोला पट्ट्याने मारतो त्या प्रसंगावरून वाचक अजून भांडतात. ‘त्या काळी असंच होतं’ ही सबब मला अर्धीच पटते, कारण काय दाखवायचं आणि त्याचा शेवट कसा करायचा, हे तर आजच्या लेखिकेनेच ठरवलेलं असतं. शिवाय या पुस्तकाच्या पावलावर पाऊल टाकून आलेल्या कितीतरी कादंबऱ्यांत तपशील नुसते टांगलेले दिसतात: दागिने, झुंबरं, मेजवान्या. पात्रांना त्यांचं काहीच काम नसतं.

तेव्हा कंटाळा आला तर एवढंच बघा, की तो तपशील काढून टाकला तर दोघांपैकी कुणाचं काही अडतं का. अडत नसेल तर खुशाल पानं उलटा, मीही उलटते. लग्नाच्या प्रकरणापर्यंत मात्र जा. तिथेही मन रमलं नाही, तर पुस्तक मैत्रिणीला परत करा. पुढचे खंड याहून जाड आहेत.