सोरायसिसवर पेप्टाइड घ्यावं का? नेटवरची इंजेक्शनं चालतील का?

सोरायसिसवर पेप्टाइडचा (म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीचा) उपयोग होतो का, आणि नेटवर मिळणाऱ्या एलएल-३७ किंवा केपीव्ही या पेप्टाइडांच्या व्हायल (इंजेक्शनच्या छोट्या बाटल्या) घरीच टोचून घेतल्या तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. आधी व्हायलबद्दल: एलएल-३७ अजिबात टोचून घेऊ नका.

हे पेप्टाइड आपल्या त्वचेतच तयार होतं आणि जंतू मारतं, म्हणून ‘नैसर्गिक’ म्हणून खपवलं जातं. पण सोरायसिसच्या चट्ट्यांत ते आधीच जास्त असतं. मेलेल्या पेशींमधून बाहेर पडलेल्या डीएनएला ते चिकटतं आणि मग प्रतिकारशक्ती आपल्याच डीएनएला परका समजून दाह सुरू करते. हे २००७ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापून आलंय. २०१४ मध्ये तर असंही दिसलं की बऱ्याच रुग्णांच्या टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पेशी) थेट एलएल-३७लाच शत्रू मानतात. त्यात सोरायसिसमध्ये जिथे त्वचेला इजा होते तिथे नवा चट्टा उठू शकतो, सुई टोचल्यावरही. केपीव्ही हे सोरायसिसचं मान्यताप्राप्त औषध नाही. ‘फक्त संशोधनासाठी’ असा शिक्का असलेल्या व्हायलमध्ये नेमकं काय आणि किती आहे, ती निर्जंतुक आहे का, याची हमी कोणी देत नाही.

सोरायसिसवर वर्षानुवर्षं वापरात असलेलं सायक्लोस्पोरिन हेही पेप्टाइडच आहे, अकरा अमिनो आम्लांचं कडं. मात्रा रोज दर किलो वजनामागे २.५ ते ५ मिलीग्रॅम, दोन भागांत. म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुरुवातीला सकाळी ७५ मिलीग्रॅम, रात्री ७५ मिलीग्रॅम. गुण लवकर येतो, पण मूत्रपिंडावर ताण पडतो आणि रक्तदाब वाढतो. सुरू करण्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय हे दाखवणारी रक्ततपासणी) मोजून तो आकडा लिहून ठेवा, नंतर पहिले तीन महिने दर दोन आठवड्यांनी तपासा. इथेच लोक फसतात: ०.८ चं १.० झालं तरी रिपोर्टवर ‘नॉर्मल’च दिसतं, पण ही २५ टक्के वाढ आहे. लगेच डॉक्टरांना दाखवा, मात्रा कमी करावी लागू शकते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि ग्रेपफ्रूट टाळा.

पेप्टाइडच्या क्रीमकडून फार अपेक्षा ठेवू नका. साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक) मोठा रेणू त्वचेच्या वरच्या थरातून सहसा आत जात नाही. सायक्लोस्पोरिन सुमारे १२०० डाल्टनचं आहे, म्हणून ते लावून उपयोग होत नाही, पोटातूनच द्यावं लागतं.

नव्या औषधांत मला खरी आशा वाटते ती आयकोट्रोकिन्राची. हे पेप्टाइड इंटरल्यूकिन-२३च्या (दाहाचा संदेश देणाऱ्या प्रथिनाच्या) रिसेप्टरला, म्हणजे पेशीवर तो संदेश घेणाऱ्या जागेला, जाऊन बसतं आणि दाहाचा संदेश तिथेच अडवतं. आजवर इंटरल्यूकिन-२३ला थेट अडवणारी औषधं इंजेक्शननेच घ्यावी लागायची, ही मात्र गोळी आहे: दिवसातून एकदा २०० मिलीग्रॅम, उपाशीपोटी. तिसऱ्या टप्प्यातल्या मोठ्या चाचणीत १६ आठवड्यांनी जवळपास निम्म्या रुग्णांचा आजार ९० टक्के किंवा त्याहून जास्त उतरला. नकली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास होतं. मंजुरी आणि उपलब्धता त्वचारोगतज्ज्ञांना विचारा.

आणि काही नवं सुरू करायचं म्हणून चालू औषधं स्वतःहून थांबवू नका. पोटातून घेतलेलं स्टेरॉइड एकदम सोडलं तर अंगभर पू भरलेल्या फोडांचा सोरायसिस उसळू शकतो. तसे फोड आणि ताप दिसला तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.