आमची रोजची भाकर

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र मी दोनदा वाचले. पणजीतली नोकरी बरी चालली आहे, आईवडिलांची प्रकृती ठीक आहे, रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चुकत नाही. तरीही बरोबरची मुले पोर्तुगीज पासपोर्ट काढून परदेशी गेली आणि त्यांची छायाचित्रे फोनवर दिसली की आपण मागे राहिलो असे तुला वाटते. याहून मला लागले ते तुझे शेवटचे वाक्य. श्रद्धा खरी असती तर समाधान आपोआप आले असते, म्हणजे माझी श्रद्धाच कच्ची असावी, असे तू लिहिले आहेस. तुझा हा निष्कर्ष मला मान्य नाही.

बायबलमधल्या फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्राचा चौथा अध्याय उघडून पाहा. ज्या स्थितीत मी आहे त्या स्थितीत संतुष्ट राहायला मी शिकलो आहे, असे संत पौल तिथे सांगतो, आणि हे तो बंदिवासातून लिहितो आहे. त्यातला ‘शिकलो’ हा शब्द सोडू नकोस. दमास्कसच्या वाटेवर प्रभूचे दर्शन झाले म्हणून पौलाला समाधान त्याच दिवशी लाभले असे नाही. उपासमार, फटके, फुटलेली जहाजे आणि साथ सोडून गेलेली माणसे यांतून वाट काढताना ते हळूहळू त्याच्या अंगी मुरले. मला सामर्थ्य देणाऱ्याच्या बळावर मी सर्व काही करू शकतो, हे त्याच अध्यायातले वाक्य आपल्याकडे परीक्षेला किंवा मुलाखतीला जाताना म्हटले जाते. पौल मात्र तिथे यशाविषयी बोलत नाही. पोट रिकामे असो वा भरलेले, दोन्ही वेळी मन ठिकाणावर ठेवण्याविषयी बोलतो आहे.

याचे उदाहरण आपल्या गोव्यातही आहे. बाणावलीत १६५१ साली जन्मलेले संत जोसेफ वाझ १६८७ साली मजुराच्या वेशात सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, पोहोचले, कारण तिथल्या डच सत्तेने कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली होती. पुढे तिथल्याच कँडीच्या राजाने पोर्तुगीजांचा हेर समजून त्यांना कैदेत टाकले, तेव्हा सुटकेचे दिवस मोजत बसण्याऐवजी ते सिंहली भाषा शिकले. २०१५ साली त्यांना संतपद मिळाले तो सोहळा आपण सर्वांनी पाहिला. मला मात्र त्या सोहळ्यापेक्षा कोठडीत परक्या भाषेचे शब्द घोकणारा तो गोवेकर अधिक जवळचा वाटतो.

आता माझे सांगतो. नोकरीत असताना जे पद मला मिळायला हवे होते ते दुसऱ्याला मिळाले, आणि ती अढी मी कित्येक वर्षे जपली. संध्याकाळी घरात तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, चाले, मणी बोटांखालून सरकत, ओठ ‘नमो मरिये’ म्हणत आणि मनात त्या माणसाच्या चुकांची मोजदाद चालू असे. या अवस्थेत एके दिवशी सकाळी पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजला म्हणून मी फाटकाशी गेलो. त्याने टोपलीवरचे प्लॅस्टिक बाजूला केले, भट्टीची ऊब असलेले चार उंडे, म्हणजे गोल पाव, माझ्या हातात ठेवले आणि तो पुढच्या घराकडे वळला. संध्याकाळपर्यंत हे उंडे कडक होणार हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते, आणि तो उद्या पुन्हा येणार हेही. बायबलमध्ये रानात इस्राएल लोकांना देवाकडून रोज मिळणारे अन्न, मान्ना, असेच होते. मान्ना दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवला की त्यात किडे पडत, केवळ शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या वाराच्या, आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायचा असे. प्रभूने आपल्याला रोजची भाकर आज मागायला शिकवले, आणि मी मात्र देवाकडे सबंध आयुष्याचा हिशेब मागत होतो.

त्या दिवसापासून पाव घेताना मी ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे’ ही एकच ओळ मनात म्हणू लागलो आणि आज मला काय मिळाले आहे व आज माझ्याकडून कोणाला काय द्यायचे आहे, एवढेच स्वतःला विचारू लागलो. पहिले काही महिने काहीही वाटले नाही, हे तुला मुद्दाम सांगतो, म्हणजे तू आठवड्यात निराश होणार नाहीस. अढी कधी सुटली ते मला नेमके सांगता येणार नाही. एका रात्री तेर्सानंतर मुले ‘बेसांव’, म्हणजे आशीर्वाद, मागायला समोर उभी राहिली, तेव्हा संपूर्ण तेर्सात त्या माणसाची आठवणही आली नव्हती, हे माझ्या ध्यानात आले.

यावरून परदेशी जाऊ नकोस असा अर्थ काढू नकोस. संतुष्ट राहायला शिकलेल्या याच पौलाने वेळ आली तेव्हा आपले रोमी नागरिकत्व पुढे केले, कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली आणि फिलिप्पैकरांनी पाठवलेली मदत आनंदाने स्वीकारली. हक्क मागणे, गरज बोलून दाखवणे, नवी वाट धरणे यांपैकी काहीही समाधानाच्या आड येत नाही. माझी काळजी वेगळी आहे. इथे जी तुलना तुला पोखरते आहे ती सामानाबरोबर तिथेही येईल, आणि तिथे संध्याकाळी आमोरीची, म्हणजे सांजप्रार्थनेची, घंटा ऐकू येणार नाही, शेजारी बसून तेर्स म्हणणारेही कोणी नसेल. म्हणून निर्णय कोणताही घे, पण हा अभ्यास आजच, याच घरात सुरू कर.

येत्या रविवारी मिस्सा झाल्यावर जेवायलाच ये. चौथा अध्याय आपण मिळून वाचू. पासपोर्टसाठी लागणारे आजोबांच्या जन्मनोंदीचे कागदही बरोबर आण, त्यातले जुने पोर्तुगीज मला अजून वाचता येते.

तुझे,
सर