एकाच इयत्तेतल्या दोन मुलांना गणित वेगवेगळं कसं शिकवायचं?

तुमच्याकडे एकाच इयत्तेतली दोन मुलं शिकवणीला येतात, दोघांनाही दशांश अपूर्णांक जड जातात, पण तुम्ही समजावलेली रीत एकाला कळते आणि दुसरा तिथेच अडतो. मग शिकवणी ज्याची त्याला जुळेल अशी कशी करायची, असं तुम्ही विचारलंय. मीही गणिताच्या शिकवण्या घेते. माझा आग्रह एकच आहे: मूल हुशार की कच्चं हे बाजूला ठेवा आणि ते नेमकं कसं चुकतं ते आधी बघा.

०.६ आणि ०.४५ यांत मोठी संख्या कोणती, असं विचारा. एक मूल ०.४५ म्हणेल, कारण सहापेक्षा पंचेचाळीस मोठे. दशांश चिन्हापुढचा भाग ते साधी पूर्ण संख्या म्हणून वाचतंय. दुसरं मूल ०.६ म्हणेल. उत्तर बरोबर आलं म्हणून आपण पुढे जातो, आणि इथेच फसगत होते. त्यालाच आता ०.३ आणि ०.४५ द्या. काही मुलं ०.३ मोठी सांगतात. का, तर "शतांश लहान असतात, म्हणून जास्त अंक म्हणजे लहान संख्या." या मुलाचं आधीचं बरोबर उत्तरही चुकीच्या नियमानेच आलेलं असतं!

या दोघांना एकच धडा देऊन चालणार नाही. पहिल्याची स्थानिक किंमत पक्की करा, ०.४५ म्हणजे ४ दशांश आणि ५ शतांश, हे त्याला स्वतःच्या तोंडाने म्हणू द्या. दुसऱ्याला तेवढं येतंच. त्याच्यासाठी संख्यारेषा काढा, ०.४ ते ०.५ मधल्या जागेचे दहा भाग करायला सांगा आणि ०.४५ कुठे पडते ते त्यालाच दाखवू द्या. "शेवटी शून्य लावून अंक सारखे करा" ही युक्ती मी बरीच उशिरा देते. तिने उत्तरं लगेच जमतात, पण डोक्यातला गैरसमज झाकला जातो.

म्हणून "कसं काढलंस?" हा प्रश्न बरोबर उत्तरालाही विचारत जा. फक्त चुकल्यावरच विचारलं, तर प्रश्न ऐकूनच मूल उत्तर खोडायला लागतं.

मुलांची "बघून शिकणारी" आणि "ऐकून शिकणारी" अशी वाटणी करा, असा सल्ला तुम्हाला मिळेलच. त्यात वेळ घालवू नका. मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये यावरचं संशोधन तपासलं, तेव्हा तशी वाटणी करून शिकवावं म्हणण्याइतका पुरावा त्यांना सापडला नाही. आकृती तर सगळ्यांनाच लागते.

पाढे कच्चे असतील तर रोज थोडा वेगळा सराव द्या. नाहीतर गुणाकारातच सगळं लक्ष खर्च होतं आणि नवी रीत डोक्यात शिरत नाही. घाबरणाऱ्या मुलासमोर घड्याळ लावू नका. भराभर सोडवणाऱ्याला पुढच्या इयत्तेचं पुस्तक देण्यापेक्षा ०.४ आणि ०.४१ यांच्यामध्ये किती संख्या बसतात, असं विचारून बघा, चांगला गुंततो.

दोघांसाठी वेगळ्या वह्या ठेवा आणि त्यांत फक्त चुका लिहा, मुलाने सांगितलेल्या कारणासकट. दोन-तीन आठवड्यांनी तेच प्रश्न आकडे बदलून द्या. जुनं कारण पुन्हा ऐकू आलं, तर तो भाग अजून झालेला नाही.