जुना ट्रॅक्टर उभा करायचा? इंजिन खोलण्याआधी बिडाचे भाग तपासा

प्रश्न : घरचा जुना ट्रॅक्टर बरीच वर्षे बंद उभा आहे. दुरुस्त करावा की भंगारात घालावा? काही जण म्हणतात इंजिन बांधून घ्या, काही म्हणतात पैसे पाण्यात जातील.

उत्तर : इंजिन लगेच कुणाकडे खोलायला देऊ नका. पिस्टन, रिंगा, लायनर, बेअरिंग, ऑइल सील, क्लच प्लेट हे झिजणारे भाग आहेत. ते मापावरून मिळतात, नाहीतर लेथवर करून घेता येतात. अडतं ते बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, फुटणाऱ्या भागांपाशी : इंजिन ब्लॉक, हेड, गिअरबॉक्सची आणि मागच्या एक्सलची बॉडी. फर्ग्युसन धाटणीच्या ट्रॅक्टरला वेगळी चासी नसतेच. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागची बॉडी एकमेकांना बोल्टने आवळलेली असतात आणि नांगराचा सगळा ओढ त्यांच्यावरच येतो. तिथे तडा असेल तर बिडाचं वेल्डिंग करून ट्रॅक्टर हलेल, पण ओढकामाला त्याचा भरवसा धरू नका.

म्हणून आधी मातीचे आणि ऑइलचे थर खरवडून डिझेलने धुऊन घ्या. ब्लॉकच्या बाजूला गंजाची बारीक, सरळ रेघ दिसते का ते बघा. आत पाणी राहून गोठलं असेल तर ब्लॉक बहुधा तिथेच उकलतो. मग मागच्या बॉडीतलं ऑइल परातीत काढा आणि त्यातून लोहचुंबक फिरवा. राखाडी चिखल लागला तर ती वयाची झीज. कणीएवढे टणक तुकडे लागले तर गिअरचा दात गेलेला आहे आणि झाकण उघडल्याशिवाय पुढचा खर्च सांगता येणार नाही. इंजिन ऑइल दुधाळ असेल तर त्यात पाणी उतरलं आहे. ते हेड आणि ब्लॉकमधल्या गॅस्केटमधून आलं असेल तर काम हलकं, ब्लॉकमधून आलं असेल तर जड.

इथवर सगळं ठीक निघालं, तरी या ट्रॅक्टरकडून काम कोणतं घेणार ते ठरवा. सिंगल क्लचच्या जुन्या ट्रॅक्टरवर क्लच दाबला की पीटीओ, म्हणजे जोडलेलं अवजार फिरवणारा मागचा दांडाही थांबतो. फवारणी, ट्रॉली, पाण्याचा पंप यांना त्याने अडत नाही. रोटाव्हेटर किंवा गाठी बांधणाऱ्या बेलरला मात्र दर थांब्याला त्रास होतो, आणि तो इंजिन नवं करून जात नाही. पेरणीच्या दिवसांत हा एकच ट्रॅक्टर हाताशी असणार असेल, तर माझं मत नको असंच आहे. दुसरा ट्रॅक्टर असेल तर जरूर करा. हिशेबात टायर सगळ्यात वर लिहा. भेगाळलेले चारही टायर बदलायचे म्हटल्यावर बरेच बेत तिथेच बदलतात.

प्रश्न : ट्रॅक्टरचं नाव सांगून मागवलेलं हेड गॅस्केट बसलं नाही. भाग शोधायचे कसे?

उत्तर : नावावर जाऊ नका. मॅसी फर्ग्युसन ३५ चंच घ्या. सुरुवातीच्या डिझेल ट्रॅक्टरांत स्टँडर्ड कंपनीचं चार सिलिंडरचं इंजिन होतं, १९५९ च्या अखेरीपासून पर्किन्सचं तीन सिलिंडरचं आलं. बॉनेटवर नाव तेच, गॅस्केट मात्र वेगळं. ट्रॅक्टरच्या पट्टीवरचा क्रमांक आणि इंजिनवर ठोकलेला क्रमांक, दोन्ही उतरवून घ्या. आधीच्या कुणी इंजिनच बदललेलं असू शकतं.

पर्किन्सच्या नावातच माप असतं : ३.१५२ म्हणजे तीन सिलिंडर, १५२ घनइंच, ४.२३६ म्हणजे चार सिलिंडर, २३६ घनइंच. ही इंजिनं इतर यंत्रांवरही बसलेली आहेत, म्हणून भाग ट्रॅक्टरच्या नावाने न मागता इंजिनच्या नावाने मागितला की शोध रुंदावतो.

बॉल बेअरिंगच्या कडेवर क्रमांक कोरलेला असतो. ६३०५ म्हणजे आतलं भोक २५ मिमी, बाहेरचा व्यास ६२, रुंदी १७. कंपनी कोणतीही असो, माप हेच. ऑइल सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी छापलेली असते. जुन्या इंग्लिश-अमेरिकन यंत्रांत ही मापं इंचांत निघतात, तेव्हा व्हर्निअर लावा आणि २५.४ ने गुणून खात्री करा. क्रँकच्या बेअरिंग शेलच्या पाठीवर ०१०, ०२०, ०३० असे आकडे दिसले तर क्रँक आधीच तेवढ्या हजारांश इंचांनी घासलेला आहे. शेवटचा अंडरसाइज, म्हणजे घासलेल्या क्रँकसाठी मिळणारं सगळ्यात जाड शेल, लागून गेला असेल तर पुढे घासायला वाव नाही.

सगळ्यात जास्त नुकसान आट्यांनी होतं. अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थ (जुन्या इंग्लिश पद्धतीच्या) बोल्टला इंचात १२ आटे, तेवढ्याच जाडीच्या यूएनसीला (अमेरिकन पद्धतीच्या बोल्टला) १३. बोल्ट हाताने दोन फेरे सहज जातो, मग कडक होतो, आणि माणूस पाना लावतो. तिथे बिडातले आटे गेले. आटे मोजायचं गेज घ्या, महाग वस्तू नाही. जुने बोल्ट निघतील तसे त्या-त्या भागाची चिठ्ठी बांधून ठेवा.

त्याच मॉडेलचा मोडीत निघालेला ट्रॅक्टर मिळाला तर सुट्या भागांपेक्षा तो परवडू शकतो. फक्त तो ज्या कारणाने मोडीत गेला तोच भाग तुम्हाला हवा आहे का, हे आधी विचारा.

प्रश्न : इंजिन जाम आहे. दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून सुरू करावं का?

उत्तर : अजिबात नको. गिअरमध्ये टाकून ओढलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. नोझल काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि पातळ ऑइलचं मिश्रण ओता, काही दिवस मुरू द्या. मग फ्लायव्हील हाताने थोडं पुढे, थोडं मागे हलवून बघा. सुटलं तरी स्टार्टर मारण्याआधी ऑइल बदला आणि टाकीतलं जुनं डिझेल काढून टाका. फ्युएल पंप घरी उघडू नका. तो टेस्ट बेंचवरच सेट होतो.

जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये आणि क्लच प्लेटमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ती धूळ हवेच्या नळीने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. जुन्या ट्रॅक्टरांना उलटल्यावर चालकाला वाचवणारी चौकट बहुधा नसते. त्या मॉडेलसाठी तपासून मान्य केलेली चौकट आणि सीटबेल्ट बसवता येतो का, हे रंग द्यायच्या आधी बघा.