घोटा सुजलाय? आधी सूज समजून घे

अरे, गड उतरताना पाय मुरगळला की घोटा टम्म फुगणारच. ती सूज म्हणजे दुरुस्तीला आलेली फौज. इजा होताच मास्ट पेशी (शरीराच्या संरक्षण यंत्रणेतल्या पेशी) हिस्टामिन हे रसायन सोडतात, रक्तवाहिन्या रुंदावतात, द्रव बाहेर झिरपतो. म्हणूनच ती जागा लाल आणि गरम. काही तासांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी पोचतात. मग २-३ दिवसांत मॅक्रोफेज या भक्षक पेशी मेलेल्या पेशी गिळतात आणि नव्या ऊतीच्या बांधणीला इशारा देतात. तेव्हा पहिले दोन दिवस गरम तेलाने रगडू नकोस (आपल्याकडे हा हट्ट फार!). क्रेप बँडेज बांध, पाय उशीवर ठेव. दुखणं उतरलं की हळूहळू चाल. मात्र चार पावलंही टाकवत नसतील तर एक्स-रे काढच.